बाजार कुणाचा? बरी सेंट एडमंड्सची जुनी भांडणं

११९१ साली इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात, बरी सेंट एडमंड्स गावाच्या कडेला, हर्बर्ट नावाच्या एका डीनने, म्हणजे चर्चच्या एका अधिकाऱ्याने, स्वतःच्या जमिनीत पवनचक्की बांधली. इंग्लंडमध्ये पवनचक्की ही तेव्हा अगदी नवी गोष्ट, कागदोपत्री नोंद असलेल्या पहिल्या काही चक्क्यांपैकी ही एक. ही बातमी तिथल्या ख्रिस्ती मठाचा, म्हणजे अ‍ॅबीचा प्रमुख अ‍ॅबट सॅमसन याच्या कानावर गेली आणि तो इतका भडकला की त्याला अन्न गोड लागेना आणि तोंडातून शब्द फुटेना. दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपल्यावर त्याने हुकूम सोडला की सुतार पाठवा, चक्की उतरवा आणि लाकूड नीट जपून ठेवा. हर्बर्ट म्हातारा माणूस होता, तो धावत आला आणि म्हणाला की वारा तर सगळ्यांचा आहे, तो कुणाला नाकारता येत नाही, आणि मी फक्त माझंच धान्य दळणार, दुसऱ्याचं नाही, त्यामुळे कुणाच्या चक्कीचं नुकसान व्हायचा प्रश्नच नाही. सॅमसनने सांगितलं की तू माझे दोन्ही पाय कापले असतेस तर जेवढे आभार मानले असते तेवढेच आत्ता मानतो, आणि ती चक्की पडेपर्यंत मी भाकरी खाणार नाही. पुढे असंही म्हणाला की या हद्दीत अ‍ॅबट आणि मठाच्या परवानगीशिवाय खुद्द राजालासुद्धा काही बांधता येत नाही, मग तुझी काय कथा, आणि तुझी चक्की चालू झाली की गावातले लोक दळण घेऊन तुझ्याकडेच पळणार, ते स्वतंत्र नागरिक आहेत, मला त्यांना कायद्याने अडवता येणार नाही.

हर्बर्ट घाबरून परत गेला आणि अ‍ॅबीची माणसं पोचायच्या आत स्वतःच चक्की पाडून मोकळा झाला. सुतार आले तेव्हा पाडायला काही शिल्लक नव्हतं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हापासून हे गाव डोक्यातून जात नाही. इंग्लंडचा मध्ययुगीन इतिहास म्हटलं की आपल्यासमोर राजे येतात, लढाया येतात, राजांच्या बायका येतात, पण एका गावाचा रोजचा इतिहास म्हणजे दळण कुठे दळायचं, मासे आधी कुणी विकत घ्यायचे, बाजारात टपरी टाकली तर भाडं कुणाला द्यायचं, रस्त्यावरचं शेण कुणाचं, हा असतो, आणि बरीमध्ये हे सगळं लिहून ठेवलेलं आहे म्हणून मला हे गाव फार जवळचं वाटतं. लिहिणारा माणूस जोसेलिन ऑफ ब्रेकलॉन्ड, अ‍ॅबीतलाच एक मंक, म्हणजे मठात राहणारा संन्यासी. सहा वर्षं तो सॅमसनचा चॅपलेन, म्हणजे खासगी पाद्री होता, रात्रंदिवस त्याच्याबरोबर असायचा, आणि ११७३ पासून पुढची जवळजवळ तीस वर्षं मठात काय काय झालं ते त्याने लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय. ब्रेकलॉन्ड हे गावातल्याच एका भागाचं नाव, आजही तिथे लाँग ब्रॅकलँड आणि शॉर्ट ब्रॅकलँड असे दोन रस्ते आहेत. म्हणजे हा पोरगा गावातलाच, मठात गेला आणि मठाच्या बाजूने लिहू लागला, तरी गावकऱ्यांचं म्हणणं त्याने गाळलं नाही. त्याच्याबद्दल मला खरंच आदर वाटतो.

आता गाव आहे कुठे, तर केंब्रिजच्या पूर्वेला, ट्रेनने पाऊण तासाच्या आत. लार्क नावाची छोटी नदी बाजूने वाहते. गावाचं जुनं नाव बेओड्रिक्सवर्थ. ते बदललं ते एका मेलेल्या राजामुळे. एडमंड हा ईस्ट अँग्लियाचा राजा, त्याला डॅनिश लोकांनी ८६९ साली मारलं. साधारण शंभर वर्षांनी अ‍ॅबो ऑफ फ्लरी नावाच्या फ्रेंच मंकने त्याची कथा लिहिली, की त्याला झाडाला बांधून बाण मारले, मग डोकं कापून झुडपात फेकलं आणि लोक शोधायला गेले तेव्हा ते डोकंच ‘इथे, इथे, इथे’ असं ओरडत होतं आणि एक लांडगा पंजात धरून त्याची राखण करत बसला होता. गावात आजही जागोजाग लांडगा दिसतो तो याच कथेतला. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला एडमंडचं शरीर इथे आणलं, लोक दर्शनाला यायला लागले, आणि १०२० मध्ये कनूट राजाने इथे बेनेडिक्टाइन मंक बसवले. कनूट स्वतः डॅनिश, त्याचा बाप स्वेन १०१४ मध्ये अचानक मेला आणि लोक म्हणायचे की संत एडमंडनेच भाला मारून त्याला संपवला, तेव्हा मुलाने इथे हात सैल सोडून दान दिलं यात नवल वाटत नाही. त्यानंतर एडवर्ड द कन्फेसर आला आणि त्याने तर कमालच केली, जवळजवळ अख्ख्या पश्चिम सफोकवरचे राजाचे अधिकारच अ‍ॅबीला देऊन टाकले. साडेआठ ‘हंड्रेड’ म्हणायचे त्याला, हंड्रेड म्हणजे आपल्या तालुक्यासारखा एक भाग. त्यात राजाच्या शेरिफची सत्ता चालायची नाही. आणि खुद्द गावाभोवती साधारण एकेका मैलावर चार क्रॉस उभे करून हद्द आखलेली, तिच्या आत तर फक्त संत एडमंडची सत्ता.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं भांडण यातूनच निघतं. आपल्याकडे देवस्थानाची जमीन देवाच्या नावावर असते आणि वहिवाट पुजारी किंवा ट्रस्टी बघतात, तसंच इथे गाव, बाजार, जत्रा, चक्की, नदी सगळं संताच्या नावावर आणि वहिवाट मंकांची. त्यामुळे गावकऱ्याने एखादा हक्क मागितला की मंक म्हणणार, तू माझ्याकडून नाही, संताकडून काढून घेतोयस. एखाद्या सरदाराशी भांडता येतं, तो मरतो, त्याचा मुलगा उधळ्या निघतो, त्याला पैसे चारून सनद लिहून घेता येते. इंग्लंडमधल्या कितीतरी गावांनी तसंच केलं, राजाला पैशाची चणचण होती तेव्हा सनदा विकत घेतल्या आणि स्वतःचा मेयर निवडला. बरीचा मालक मात्र मरत नव्हता, कारण तो आधीच मेलेला होता आणि संत झालेला होता.

गाव आजच्या आकाराला आणलं ते अ‍ॅबट बाल्डविनने. हा फ्रान्सचा, पेशाने वैद्य, एडवर्ड राजाचा खासगी डॉक्टर, आणि १०६५ मध्ये इथला अ‍ॅबट झाला. पुढच्याच वर्षी नॉर्मन आले, देशभर इंग्लिश अ‍ॅबट हटवले गेले, हा फ्रेंच असल्यामुळे टिकला आणि नॉर्मन राजा विल्यमच्याही मर्जीतला झाला. त्याने अ‍ॅबीच्या पश्चिमेला सरळ आडवेउभे रस्ते आखून नवं गाव वसवलं. चर्चगेट स्ट्रीटच्या वरच्या टोकाला उभं राहून खाली बघितलं तर नॉर्मन टॉवरची कमान बरोब्बर समोर येते, आणि त्या रेषेतच पुढे अ‍ॅबीच्या चर्चचा मुख्य दरवाजा आणि वेदी होती. मला हा रस्ता चालताना दर वेळी वाटतं की साडेनऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी दोरी धरून ही रेष मारली आणि ती अजून हललेली नाही.

१०८६ चं डूम्सडे बुक म्हणजे विल्यमने करून घेतलेली देशाची मोजणी. त्यात बरीची नोंद वाचण्यासारखी आहे. एडवर्डच्या काळात जिथे नांगर चालत होता त्या जमिनीवर आता ३४२ घरं आहेत, असं सरळ लिहिलंय. गावाची किंमत १० पौंडांवरून २० झाली. आणि मग माणसांची यादी येते: ३० पाद्री आणि कारकून, २८ नन आणि गोरगरीब जे रोज राजासाठी प्रार्थना करतात, ३४ नाइट, आणि ७५ जण असे की जे बेकर, बिअर गाळणारे, शिंपी, धोबिणी, चांभार, झगे शिवणारे, आचारी, हमाल, आणि हे सगळे रोज संताच्या, अ‍ॅबटच्या आणि मंकांच्या सेवेत. मोजणी करणाऱ्याला एवढं तपशिलात लिहायचं काही कारण नव्हतं, पण लिहिलं, आणि त्यामुळे आज एका वाढत्या गावाचा सगळा कामकरी वर्ग आपल्याला दिसतो.

अडचण अशी झाली की हे शिंपी, चांभार आणि आचारी मठाच्या सेवेपुरते राहिले नाहीत. तीर्थक्षेत्र म्हणजे बाहेरून येणारी गर्दी, गर्दी म्हणजे धंदा, मग लोकरीचा आणि कापडाचा व्यापार, आणि शंभर वर्षांत गावात चांगले पैसेवाले व्यापारी तयार झाले. कॉर्नहिल या बाजाराच्या चौकाच्या बाजूला मॉइजेस हॉल म्हणून जे दगडी घर आहे, आता तिथे म्युझियम आहे, ते साधारण ११८० चं. त्या काळात राहायला दगडी घर म्हणजे पैसा होता यात शंका नाही. अशा लोकांना मग प्रश्न पडायला लागला की आमच्या बाजाराचं भाडं मठाने का घ्यायचं.

मठात प्रत्येक खात्याला वेगळा मंक. दोघांशी गावाचा जास्त संबंध. एक सॅक्रिस्ट, म्हणजे चर्चची इमारत, मेणबत्त्या, दागदागिने सांभाळणारा, त्याच्या हाताखाली गावाचा कारभार आणि गावाचं उत्पन्न. दुसरा सेलरर, म्हणजे मठाचा कोठारी, सगळ्यांच्या खाण्यापिण्याची जबाबदारी त्याची, आणि आसपासची शेतीही त्याच्याकडे. या कोठाऱ्याचे हक्क जोसेलिनने एका ठिकाणी लिहिलेत आणि ते वाचताना गावकऱ्यांचा संताप कुठून आला ते कळतं. बाजारात माल आला की अ‍ॅबट गावात नसेल तर पहिली खरेदी कोठाऱ्याची, तो घेईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. काही ठरावीक दारं सोडली तर रस्त्यावर पडलेलं शेणखत कोठाऱ्याचं. गावातल्या लोकांनी लेकनहीथला जाऊन ईल मासे गाड्यांतून वाहून आणायचे, आणि कित्येकदा तिथे मासेच नसायचे, रिकाम्या गाड्या घेऊन परत यायचं, लोकांना त्रास आणि कोठाऱ्यालाही फायदा शून्य. शेवटी ठरलं की तीस एकरांमागे वर्षाला एक पेनी द्या आणि सुटा. पुढे त्या जमिनींचे इतके तुकडे पडले की कुणी किती द्यायचं तेच कळेना.

सगळ्यात बोलका प्रकार ‘रेपसिल्व्हर’चा. पूर्वी ऑगस्टमध्ये कोठाऱ्याच्या शेतातली कापणी गावकऱ्यांनी जाऊन करायची, अगदी वेठबिगारासारखी. गाव जरा मोठं झालं, लोक स्वतंत्र झाले, मग त्याऐवजी घरटी एक पेनी. झालं काय की कोठाऱ्याची माणसं पैसेवाल्यांना सोडायची आणि गरिबांच्या दारात जायची, आणि पेनी मिळाली नाही तर चुलीवरची तिवई उचल, दार काढून ने, भांडी ने. तेव्हा म्हाताऱ्या बायका हातात सूत कातायच्या चात्या घेऊन बाहेर यायच्या आणि कोठाऱ्याच्या माणसांना शिव्या देत धमकावायच्या. शेवटी सॅमसनने हे बंद केलं आणि ठरवलं की गावाने मिळून वर्षाला २० शिलिंग द्यावेत. जोसेलिनने त्या बायकांची नावं लिहिली नाहीत. मला त्या सॅमसनपेक्षा जास्त आठवतात, कारण चारशे वर्षांच्या या भांडणात जो थोडा फायदा गरिबांच्या पदरात पडला त्यातला हा एक, आणि तो त्यांनी दारात उभं राहून मिळवला.

सॅमसनबद्दल सांगायला हवं, नाहीतर तो नुसता चक्की पाडणारा वाटेल. नॉरफोकमधल्या टॉटिंग्टनचा साध्या घरातला माणूस, ११८२ मध्ये अ‍ॅबट झाला तेव्हा मठ कर्जात बुडालेला, आधीचा अ‍ॅबट ह्यू म्हातारपणात सावकारांच्या कागदांवर शिक्के मारत सुटला होता. सॅमसनने एकेक गाव, एकेक शेत, कोण किती देणं लागतो ते वहीत लिहून घेतलं आणि बारा वर्षांत सगळं कर्ज फेडलं. फ्रेंच आणि लॅटिन उत्तम यायचं पण लोकांसमोर प्रवचन द्यायचा ते इंग्लिशमध्ये, आपल्या नॉरफोकच्या बोलीत. गावाला त्याने सनदही दिली, जुने हक्क मान्य केले, आणि त्याबद्दल मठातलेच मंक त्याच्यावर नाराज होते. त्यांचं म्हणणं की देशातल्या सगळ्या गावांचं उत्पन्न वाढतंय आणि आपलं गाव मात्र तेच ४० पौंड देतंय, वर लोकांनी बाजारात मठाला न विचारता दुकानं आणि टपऱ्या टाकल्यात. बाजारातलं अतिक्रमण हा विषय ८०० वर्षांपूर्वीही तेवढाच पेटलेला होता. गावकऱ्यांचं उत्तर सरळ होतं: आमच्या बापजाद्यांपासून ताब्यात आहे, आम्ही ४० पौंड ठरल्याप्रमाणे देतोय, बास.

केटल नावाच्या माणसाचं प्रकरण मात्र वाचून पोटात गोळा येतो. तो गावाच्या वेशीबाहेर राहायचा, म्हणून तो कोठाऱ्याच्या कोर्टाच्या हद्दीत. चोरीचा आरोप आला, तिथला कायदा द्वंद्वाचा, म्हणजे आरोप करणाऱ्याशी लढायचं, हरलास तर गुन्हेगार. केटल हरला आणि फासावर गेला. गावातले लोक म्हणाले की हाच माणूस वेशीच्या आत राहत असता तर शेजाऱ्यांनी शपथ घेऊन तो निर्दोष आहे असं सांगितलं असतं आणि तो सुटला असता, कारण गावातल्या लोकांचा हक्कच तसा आहे. हे अ‍ॅबटला आणि मठातल्या समजदार लोकांना पटलं आणि कोठाऱ्याच्या माणसांचे खटलेही गावाच्या कोर्टात चालायला लागले. कायदा अशा रीतीने बदलला, एक माणूस गेल्यावर.

लंडनच्या व्यापाऱ्यांशी झालेलं भांडण वेगळ्या जातीचं. ते म्हणायचे की लंडनकरांना इंग्लंडभर कुठेही जकात माफ आहे, अगदी रोम शहर वसलं तेव्हापासून, कारण लंडनही तेव्हाच वसलं. सॅमसन म्हणायचा की संत एडमंडच्या जत्रेची जकात आम्हाला एडवर्ड राजाने दिलीय. लंडनकरांनी ठरवलं की जायचंच नाही, आणि दोन वर्षं कुणी फिरकलं नाही. जत्रेचं मोठं नुकसान झालं, सॅक्रिस्टच्या पेटीतलं दानही घटलं. शेवटी लंडनचा बिशप मध्ये पडला आणि तोड निघाली: लंडनकरांपैकी काहींनी जकात भरायची आणि ती त्यांना लगेच परत करायची. म्हणजे अ‍ॅबट म्हणणार आम्ही घेतली, लंडनकर म्हणणार आम्ही दिली नाही. मला ही तोड फार शहाणपणाची वाटते, आठशे वर्षांनी वाचतानाही.

यानंतरचं लिहायला जड जातं, पण वगळून चालणार नाही. गावात ज्यू कुटुंबं राहत होती. त्यांचे अ‍ॅबीशी पैशाचे व्यवहार होते, त्यांचा पैसा अ‍ॅबीच्या तिजोरीत ठेवला जायचा, युद्धाच्या दिवसांत त्यांच्या बायकामुलांना मठाच्या आवारात आसरा मिळालेला होता. ११८१ मध्ये रॉबर्ट नावाच्या एका मुलाचा मृत्यू झाला आणि तो ज्यूंनी मारला असा खोटा आरोप पसरवून त्याला संत करून टाकलं. ११९० च्या मार्चमध्ये, ईस्टरच्या आधीच्या रविवारी, गावात ५७ ज्यूंची कत्तल झाली. आणि त्याच वर्षी सॅमसनने राजाकडून परवानगी मिळवून उरलेल्यांना गावाबाहेर काढलं, कारण म्हणे गावात जे काही आहे ते एकतर संत एडमंडचं असलं पाहिजे नाहीतर त्याला इथे जागा नाही. जोसेलिन हे कौतुकाने लिहितो. इतका चौकस आणि माणसं ओळखणारा लेखक इथे पूर्ण आंधळा होतो, त्याचा मला राग येतो आणि वाईटही वाटतं. मालकी संताची, ही कल्पना वरवर किती पवित्र वाटते, पण तिचं टोक इथे जाऊन पोचलं. अ‍ॅबीच्या बागेत आता या लोकांच्या आठवणीसाठी अश्रूच्या थेंबाच्या आकाराचं शिल्प उभं केलंय. तिथे गेलात तर दोन मिनिटं थांबा.

१२१४ मध्ये सरदार लोक इथे अ‍ॅबीत जमले आणि जॉन राजाकडून हक्कांची सनद मिळवायची शपथ घेतली, असं रॉजर ऑफ वेंडोव्हर या इतिहासकाराने लिहिलंय, आणि पुढच्या वर्षी मॅग्ना कार्टा झालं. गाव त्याचा फार अभिमान बाळगतं, गावाच्या ब्रीदवाक्यातही कायद्याचा पाळणा असा उल्लेख आहे. सरदारांच्या हक्कांची शपथ ज्या गावात झाली, त्या गावातल्या लोकांना मात्र स्वतःचा मेयर निवडायची परवानगी नव्हती, आणि पुढची जवळजवळ चारशे वर्षं मिळाली नाही.

लोक गप्प बसले नाहीत. १३२७ च्या जानेवारीत, लंडनमध्ये एडवर्ड दुसरा याला गादीवरून खाली खेचलं जात होतं तेव्हा, बरीच्या लोकांनी अ‍ॅबीवर हल्ला केला. दरवाजा फोडला, मंकांना कोंडलं, कागदपत्रं नेली, आणि अ‍ॅबटकडून जबरदस्तीने सनदेवर शिक्का मारून घेतला. तो सुटला तसं त्याने ती सनद नाकारली, मग परत दंगल. ऑक्टोबरमध्ये तर मंकांनीच गावच्या चर्चमध्ये शिरून लोकांना पकडून नेलं आणि त्यावरून पुन्हा जाळपोळ झाली, मठाच्या मालकीच्या वाड्यावस्त्या पेटवल्या गेल्या. पुढच्या वर्षी गावातल्या काही लोकांनी अ‍ॅबट रिचर्ड ऑफ ड्रॉटनला पळवलं, आधी लंडनमध्ये लपवून ठेवलं आणि मग समुद्रापलीकडे ब्राबांटमधल्या (आजच्या बेल्जियममधल्या) डीस्टला नेलं. १३२९ पर्यंत तो तिथे अडकला होता. कितीतरी गावकरी फासावर गेले आणि भरपाई लावली ती १ लाख ४० हजार पौंडांची, जी कुणालाच भरणं शक्य नव्हतं, शेवटी २,००० मार्कांवर (एक मार्क म्हणजे पौंडाचा दोन तृतीयांश) तडजोड झाली.

एंजल हिलवर आज जो अ‍ॅबीगेट दिसतो तो या दंगलीनंतर नव्याने बांधलेला. नक्षीकाम अप्रतिम आहे, पुतळ्यांसाठी कोनाडे आहेत, पण नीट बघा, त्या कोनाड्यांच्या मागे बाण मारायच्या फटी आहेत. समोर गावाचा बाजार भरायचा आणि मठाने बाजाराच्या दिशेने तोंड करून बाणांच्या फटी ठेवल्या, इतके संबंध बिघडलेले.

मग १३८१. देशभर शेतकऱ्यांचं बंड पेटलं आणि सफोकमध्ये जॉन रॉ नावाचा पाद्री त्याचा पुढारी झाला. अ‍ॅबीत तेव्हा अ‍ॅबट कोण यावरच वाद चालू होता, मंकांचा उमेदवार एक आणि पोपने दिलेला एडमंड ब्रॉमफील्ड दुसरा, गावकरी ब्रॉमफील्डच्या बाजूने कारण त्याच्याकडून सनदेची आशा होती. कारभार बघणारा प्रायर जॉन ऑफ केंब्रिज पळाला, त्याला मिल्डनहॉलजवळ गाठून मारलं. देशाचा मुख्य न्यायाधीश सर जॉन कॅव्हेंडिश लेकनहीथला नदीपाशी सापडला, होडीत बसून पलीकडे जाणार तेवढ्यात कॅथरिन गेमन नावाच्या बाईने होडी ढकलून दिली आणि तो लोकांच्या हातात पडला. दोघांची डोकी भाल्यांवर लावून बरीच्या बाजारात आणली, आणि ते दोघं जिवंतपणी मित्र होते म्हणून ती डोकी एकमेकांच्या कानाशी, ओठांशी लावत फिरवली. हे भयंकर आहे. पण ज्या चौकात हे झालं तो बाजाराचाच चौक होता, जिथे दीडशे-दोनशे वर्षं लोक भाडं, जकात आणि दंड भरत आले होते, हेही खरं. बंड मोडलं, रॉला पुढच्या वर्षी फाशी झाली, आणि देशभर माफी जाहीर झाली त्यातून बरी गाव आधी वगळलं गेलं आणि परत २,००० मार्क दंड बसला.

यानंतर गावकऱ्यांनी जे केलं ते मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण त्यात ना मशाली आहेत ना भाले. त्यांनी गिल्ड वापरले. गिल्ड म्हणजे कागदावर धार्मिक मंडळ, सणाला एकत्र जेवण, मेलेल्यांसाठी प्रार्थना, मेणबत्त्यांची वर्गणी. मठाला हरकत घ्यायला जागाच नाही. कँडलमस गिल्डमध्ये गावातले सगळे वजनदार लोक, तेच गिल्डहॉलमध्ये बसून गावाचे निर्णय घ्यायचे, फक्त त्याला नगरपालिका म्हणायचं नाही एवढंच. जँकिन स्मिथ हा त्यातलाच एक श्रीमंत माणूस. प्रत्येक नवा अ‍ॅबट आला की गावाने त्याला १०० मार्क द्यायचे असा नियम होता, आणि ते पैसे गोळा करताना गरिबांचे हाल व्हायचे. जँकिनने आपल्या जमिनी गावाच्या नावे लावून दिल्या, की त्यांच्या उत्पन्नातून हे पैसे परस्पर भरले जावेत. १४८१ मध्ये तो गेला. त्याच्यामागे इतरांनीही जमिनी दिल्या, त्यातून जो ट्रस्ट उभा राहिला तो आजही गावात वृद्धांसाठी घरं चालवतो, आणि सेंट मेरीज चर्चमध्ये जँकिनच्या नावाने दर वर्षी प्रार्थना होते आणि नंतर केक आणि बिअर वाटतात. मारामारीने जे दीडशे वर्षांत जमलं नाही ते एका मृत्युपत्राने बरंचसं जमवलं.

१५३९ च्या ४ नोव्हेंबरला अ‍ॅबी संपली. हेन्री आठवा याने देशातले सगळे मठ बंद केले त्यात ही पण. आदल्या वर्षी राजाची माणसं येऊन एडमंडची समाधी मोडून गेली होती आणि त्यांनीच वर कळवलं की ती मोडायला फार जड गेली आणि ५,००० मार्कांच्या वर सोनं-चांदी मिळालं. शेवटचा अ‍ॅबट जॉन रीव्ह काही महिन्यांत वारला. मग गावाने दगड न्यायला सुरुवात केली. युरोपातल्या सगळ्यात लांब चर्चपैकी एक, ५०० फुटांच्या वर, त्याचे घडीव दगड निघून गेले आणि आत भरलेला फ्लिंट, म्हणजे गारगोटीसारखा दगड, आणि चुना उघडा पडला, तोच आता बागेत ओबडधोबड सुळक्यांसारखा उभा आहे. चर्चच्या पश्चिमेकडच्या भिंतीत तर लोकांनी घरंच बांधली, आजही त्यांत माणसं राहतात, जुन्या कमानींच्या आत खिडक्या बसवून.

मालक गेला म्हणून बाजार गावाचा झाला का, तर नाही. मठाच्या सगळ्या मालमत्तेबरोबर मालकीचे हक्क राजाकडे गेले आणि तिथून एकेकाला विकले किंवा दिले गेले. गिल्डही पुढे बंद झाले, गावकऱ्यांनी गिल्डच्या जमिनी मोठ्या खटपटीने हातात राखल्या. गावाला स्वतःचा कारभार स्वतः करायची राजाची सनद मिळाली ती जेम्स पहिला याच्या काळात, १६०६ साली. केटलच्या फाशीनंतर चारशे वर्षांनी.

बघायला जायचं असेल तर बुधवारी किंवा शनिवारी जा, कारण बाजाराचे वार तेच आहेत, बटरमार्केट आणि कॉर्नहिलवर भाजी, मासे, चीज, कापड सगळं असतं. आधी बाजार फिरा, मग मॉइजेस हॉल, मग गिल्डहॉल स्ट्रीटवरचा गिल्डहॉल, त्याच्या दाराची दगडी कमान तेराव्या शतकातली आहे. सेंट मेरीजमध्ये जॉन बॅरेट या कापड व्यापाऱ्याचं थडगं चुकवू नका, १४६७ मध्ये वारला, त्याने थडग्यावर स्वतःचा पुतळा सडलेल्या प्रेतासारखा कोरून घेतलाय आणि वरच्या छतावर बारीक आरसे लावून घेतले होते. अ‍ॅबीची बाग शेवटी ठेवा. बहुतेक लोक उलट करतात, आधी अ‍ॅबी बघतात आणि बाजारात फक्त जेवायला जातात, पण या गावात बाजार आधी बघितला तर त्या फटींचा आणि पडक्या भिंतींचा अर्थ जास्त लागतो.